थोराच्या माळावरच्या फेऱ्या

शिवकांता आत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वालूरला आली की आमच्या घरातले आवाज बदलायचे. एरवी सकाळचा पहिला आवाज अण्णांच्या दुकानाच्या फळ्या निघण्याचा असे. आत्या आली की त्याच्याही आधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, कारण तिला उठल्याउठल्या चहा लागे आणि त्यासाठी ती कुणाला उठवत नसे. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचा नवरा वारला. सासरच्यांनी परत पाठवलं, तर माहेरी चुलीपुढं बसायचं सोडून ही बाई शिकायला गेली आणि पूर्णेच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. रेल्वेच्या त्या गावात ती एकटी खोली घेऊन राहायची. सेलूपर्यंत रेल्वेनं आणि पुढं यष्टीनं यायची. हातात एक पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत दोन लुगडी आणि बाकी सगळी पुस्तकं, वर एक भिंग दस्तीत, म्हणजे रुमालात, गुंडाळलेलं. त्या भिंगातून आम्ही मुंगीचे पाय, मिठाचे खडे आणि अण्णांच्या मिशा पाहिल्या आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ, त्यामुळं बिचारे गप्प बसून मिशा दाखवायचे.

आत्यासाठी आई सुशीला करायची. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरचीची फोडणी द्यायची आणि वरून भाजक्या डाळ्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं कूट पेरायचं. आईच्या हातची सुशीला मोकळी व्हायची, माझी अजूनही गोळा होते. खाऊ घालण्यात आईनं कधी हात आखडता घेतला नाही, पण बोलण्यात मात्र ती आत्याला चिमटे काढल्याशिवाय राहायची नाही. आमचं घर लिंगायतांचं. बाई असो की पुरुष, दीक्षा झाली की प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग येतं. कापडात गुंडाळलेलं, शिवदाऱ्यात म्हणजे दोऱ्यात बांधलेलं, छातीवर रुळणारं. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पूजा करायची आणि मग तोंडात घास घालायचा. आईची पूजा अर्धा तास चाले. आत्या खोलीचं दार लोटून पाच मिनिटांत बाहेर. त्यातून ती स्टेशनावरचा चहा पिते हे आईला कुणीतरी सांगितलेलं. "वन्संचं काय, त्या शिकलेल्या," असं आई भाकरी थापताना म्हणायची, आणि ते ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. आत्या ओसरीवर वाचत बसलेली असे. पान उलटायची, बस.

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते आणि सुट्टीच्या दोनच महिने आधी माझी दीक्षा झाली होती. आमच्या घराण्याचे महाराज तालुक्याच्या गावी मठात असत. वय झालेलं, दात पडलेले, डोळे मात्र लख्ख. त्यांनी माझ्या गळ्यात लिंग बांधलं आणि तीन गोष्टी बोटांवर मोजून सांगितल्या. "ह्ये भुईवर ठिवायचं न्हाई. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं न्हाई. आन् गळ्यातनं गेलं, तर हुडकून मिळंस्तोवर न्हाई तर नवं बांधंस्तोवर अन्न न्हाई, पाणी बी न्हाई." मी विचारलं, "थुंकी गिळली तर चालते का?" सगळी बैठक हसली. महाराज हसले नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चालते." त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

आत्याला दर सुट्टीत आम्हाला कुठंतरी चालवायचं असे. त्या वर्षी तिनं थोराचा माळ काढला. थोर म्हणजे धारा-धारांचा उंच निवडुंग. आमच्या गावापासून बैलगाडीनं तासाभरावर मुरमाड टेकाडांचा एक पट्टा होता, तिथं पीक येत नसे, गवतही धड येत नसे, आणि थोर मात्र दोन-दोन पुरुष उंच वाढलेले. गुरंही तिथं चरायला नेत नसत. आईला हे खूळ वाटलं. "काटे बगायला कामून जायचं? परसात कमी हायेत का?" पण तीही निघाली, कारण लेकरं तिकडं उपाशी राहतील ही तिची भीती खुळापेक्षा मोठी होती. पहाटे उठून तिनं धपाटे केले, दह्याचं गाडगं आणि भुरक्याची तिखट चटणी घेतली, पाण्याच्या दोन कळशा भरल्या. गाडी आमच्या शेतावरच्या किसनमामांची. गाडीत आई, आत्या, मी आणि माझी धाकटी बहीण विमल.

माळाच्या तोंडाशी एक कडू लिंब होता, त्याच्या सावलीत आईनं बैठक मांडली. आत्यानं आम्हाला समोर उभं केलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. आज पाच फेऱ्या करायच्या, पाचही छोट्या. प्रत्येक फेरीला एकच गोष्ट बघायची, परत लिंबाखाली यायचं, पाणी प्यायचं, मग पुढची. एका दमात सगळा माळ तुडवला तर काहीच दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पहिल्या फेरीत तिनं आम्हाला थोराजवळ नेलं आणि धारा मोजायला लावल्या. पान कुठं आहे विचारलं. आम्हाला पान सापडेना. पानं पावसाळ्यात येतात आणि गळतात, म्हणाली, उन्हाळ्यात हिरवं खोडच पानाचं काम करतं. एका फांदीला तिनं काडीनं ओरखडा काढला तर दुधासारखा चीक भळभळ आला. "डोळ्यात गेला तर डोळा जाईल," ती म्हणाली, आणि विमलनं दोन्ही डोळे लगेच मिटून घेतले. किसनमामा मागं उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "घरावं थोर ठिवला की ईज पडत न्हाई, बाई. ते बी सांगा पोरींना." आत्या म्हणाली, "तुमच्या घरावर आहे?" "हाय की." "आणि शेजाऱ्याच्या?" "न्हाई." "त्याच्यावर पडली का कधी?" किसनमामा विचारात पडले ते दुपारपर्यंत.

दुसरी फेरी फड्या निवडुंगाची. हाताच्या पंजाएवढे फडे एकावर एक चढून त्याची भिंतच झालेली, आणि कडेला लाल बोंडं लागलेली. बोंडं आत्यानं काटकीनं पाडली, दगडावर घोळून कुसळं काढली आणि फोडून दिली. आतला गर जांभळट लाल, बियांनी भरलेला, चवीला किंचित गोड. आम्ही मिटक्या मारत खाल्ली. दातांपासून हनुवटीपर्यंत रंगलो. लिंबाखाली आलो तेव्हा आई म्हणाली, "तोंड बगा कसं झालंय, कुनी मारल्यावानी," आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मी गटागटा प्याले. पण कुसळं सगळी दगडावर राहिली नव्हती. काही माझ्या बोटांवर आली आणि बोटांवरून मानेवर गेली.

तिसऱ्या फेरीला आम्ही टेकाडावर गेलो. तिथं थोरांची दाट राईच होती, एकेक जण दीपमाळेसारखा हात वर करून उभा. माझं मात्र वर लक्ष नव्हतं. शिवदारा जिथं मानेला घासायचा तिथं कुसळं शिरली होती आणि आग आग होत होती. मी मागं रेंगाळले. दोरा डोक्यावरून काढला आणि पंचाईत झाली. लिंग भुईवर ठेवायचं नाही. दातात धरावं तर तोंड खरकटं. कुसळं उपटायला दोन्ही हात पाहिजेत. मग मी शहाणपणा केला. हाताच्या उंचीवरच्या थोराच्या एका फांदीला तो दोरा नीट अडकवला, हात जोडले आणि मान निवांत साफ करत बसले. तेवढ्यात पुढून विमल ओरडली, "ताई, कात! सापाची कात!" आणि मी पळाले.

कात चांगली वावभर लांब होती. ती बघून, भिंगातून खवले बघून, आम्ही उतरून लिंबाखाली आलो. तांब्या घ्यायला मी वाकले आणि छातीवर काही आपटलं नाही. वाकलं की ते आपटायचं, दोन महिन्यांत तेवढी सवय झाली होती. मी तांब्या खाली ठेवला. "पी की," आई म्हणाली. "मला तहान नाही," मी म्हटलं. ऊन असं की कळशीसुद्धा बाहेरून तापलेली, आणि माझी जीभ टाळूला चिकटत होती. आई विमलचं तोंड पुसण्यात गुंतली. आत्यानं मात्र माझ्याकडं नीट पाहिलं.

परवापरवा मुलीकडं अमेरिकेला गेले होते, तेव्हा तिनं मला तिकडच्या वाळवंटात नेलं. तिथले निवडुंग आमच्या थोराहून दुप्पट उंच, त्यांनाही तसेच वर केलेले हात. दिवसभर आम्ही छोट्या छोट्या वाटांनी फिरलो. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पाटी, किती चालायचं ते लिहिलेलं, फिरून परत गाडीपाशी. आत्याच्या फेऱ्याच त्या. मुलगी दर दहा मिनिटांनी म्हणायची, "आई, पाणी पी." मी निमूट प्यायचे. तिला वाटलं म्हातारी आता ऐकायला लागली. त्या हातांकडं बघून मला काय आठवत होतं ते तिला सांगायला तिथं जमलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

चौथ्या फेरीला आत्या म्हणाली, "विमल थांबेल आईपाशी. नंदा, तू चल." टेकाडाच्या वळणाआड गेल्यावर तिनं विचारलं, "काय हरवलं?" मी रडत सगळं सांगितलं. ती रागावली नाही. आधी तिनं विचारलं ते विज्ञानाच्या बाईला शोभेल असंच. ऊन तोंडावर होतं की पाठीवर? फांदी चढाकडची की उताराकडची? आजूबाजूला दगड कसा होता? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. आम्ही एकेक थोर बघत गेलो. चाळीस तरी पाहिले असतील. सगळे सारखे, सगळ्यांचे हात वर, आणि कुणाच्याच हातात काही नाही. वारा सुटला होता, दोरा उडून काट्यांच्या जाळीत गेला असेल. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तशी मी मटकन खाली बसले.

आत्या माझ्यासमोर दगडावर बसली. तिनं माझे फाटलेले ओठ पाहिले. मग तिनं पदराआड हात घालून स्वतःचा शिवदारा बाहेर काढला, डोक्यावरून काढून माझ्या गळ्यात घातला आणि लिंग माझ्या फ्रॉकच्या आत सारलं. ते तिच्या अंगानं गरम झालेलं होतं. मी घाबरून म्हटलं, "दुसऱ्याचं घालत नसतेत, आत्या." ती म्हणाली, "ठाऊक हाय मला." "मग तू पाणी कसं पिणार?" आत्या उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मला तहान नाही." माझाच खोटा शब्द, माझ्याच सुरात.

लिंबाखाली मी दोन तांबे पाणी प्याले. आईनं आत्यापुढं तांब्या धरला तेव्हा आत्या म्हणाली, "नको गंगा. माझं लिंग पडलं कुठंतरी. शोधलं, मिळालं नाही." आईचा हात तसाच राहिला. आणि मग भीतीनं म्हणा की इतक्या वर्षांचं साठलेलं म्हणून म्हणा, ती बोलून गेली, "घालत होता का तरी, वन्सं? का पूर्णेलाच ऱ्हायलं ट्रंकेत?" किसनमामा उठून बैलांकडं गेले. आत्याजवळ उत्तर होतं, माझ्या फ्रॉकच्या आत. माझ्याजवळही होतं. मी तोंड उघडलं नाही.

पाचवी फेरी आम्ही सगळ्यांनी शोधण्यासाठी केली. आईसुद्धा आली. तिचं लुगडं काट्याला लागून तीन जागी फाटलं, हातावर रक्ताच्या रेघा उठल्या, तरी ती "कुठं पडलं हो वन्सं, आठवा जरा" म्हणत रडत रडत शोधत होती. मनात कितीही अढी असली तरी माणूस पाण्यावाचून राहील हे तिला सोसवणारं नव्हतं. शेवटी किसनमामा म्हणाले, "चला आता. लय ऊन झालं. ह्यो माळ देनार न्हाई काई." घरी आल्यावर अण्णांनी त्यांनाच गाडी घेऊन मठात पाठवलं. महाराज सकाळी येतो म्हणाले. त्यांनाही उन्हाचं निघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती स्टोव्हचा आवाज आला नाही म्हणून. बाहेर येऊन पाहिलं तर आत्या ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. पुस्तक मांडीवर होतं, पान उलटत नव्हतं. ओठ पांढरे पडलेले. मला बघून तिनं बोट ओठांवर ठेवलं, आणि बोलू नको म्हणून मान हलवली. आई आत चुलीपाशी बसून होती, चूल न पेटवता. दुकानाच्या फळ्याही अण्णांनी काढल्या नव्हत्या. मी बारा वर्षांची होते, पण एवढं मला समजलं की हे सगळं घर माझ्यामुळं गप्प आहे, आणि आज नवं लिंग बांधलं की आत्या पाणी पिऊन पूर्णेला जाईल, आणि पुढं जन्मभर या घरात ती लिंग हरवलेली बाई म्हणून राहील. तिनं ते कबूल केलं होतं. मला ते कबूल करवेना.

महाराज आले, पाटावर बसले. आत्याला समोर बसवून त्यांनी विचारलं, "कुठं पडलं, बाई?" आत्याला बोलायला घशात ओलच नव्हती. तिनं तोंड उघडायच्या आत मी पुढं झाले आणि फ्रॉकमधून तो दोरा बाहेर काढला. "हे आत्याचं आहे," मी म्हटलं. "माझं हरवलंय." मग सगळं सांगितलं, बोंडांपासून.

महाराज मला म्हणाले, "भुईवर का न्हाई ठिवलंस?" "तुम्ही ठेवू नको म्हणाला होतात." "म्हनून थोराला घातलंस?" मी मान हलवली. त्यांचे दात नसलेले गाल हलायला लागले आणि ते हसले, दीक्षेच्या दिवशी राहिलेलं हसू हसल्यासारखे. "म्हंजी त्या थोरानं बी दीक्षा घेतली म्हनायची. ऱ्हाऊ दे त्येच्यापाशी. तेवढा नेम तर त्यो पाळतोच, सालभर पाणी मागत न्हाई." मग ते आत्याकडं वळले आणि हसणं थांबलं. "आपलं लिंग दुसऱ्याच्या गळ्यात घालत नसतेत. तुला ठाऊक न्हवतं?" आत्या कशीबशी म्हणाली, "होतं." "मग?" "लेकरू तहानलं होतं." माझ्या गळ्यातून तो दोरा महाराजांनी स्वतः काढला, लिंग धुतलं, भस्म लावलं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं. मला नवं बांधलं. नवं बांधताना त्यांनी दोन गाठी जास्त मारल्या.

तो माळ आता राहिला नाही. निम्म्याचा मुरूम रस्त्यांना गेला, निम्म्यावर तारांची कुंपणं आहेत. पुतण्याच्या गाडीतून कधी त्या बाजूनं गेले आणि एखादा उरलेला थोर दिसला की मी अजून त्याच्या फांद्यांकडं बघते. पुतण्या विचारतो, काय शोधतेस काकू? मी काही नाही म्हणते. पुढं मीही शिक्षिका झाले, ती आत्यामुळं, हे मी सगळ्यांना सांगत आले. पण मी तिची ऋणी आहे ते नोकरीसाठी नाही. नेम तिला माझ्या आईइतकाच ठाऊक होता, त्यातला एक तिनं माझ्यासाठी मोडला, आणि दुसरा स्वतःसाठी घोटभर पाण्याइतकाही सैल केला नाही. असं माणूस मला लहानपणीच जवळून बघायला मिळालं, यापेक्षा जास्त नशीब मी मागितलं नसतं.

त्या सकाळी आत्यानं पूजा केली, नेहमीसारखीच, पाच मिनिटांत. मी पितळेचा गिलास भरून तिच्यापुढं धरला. तो तिनं श्वास न घेता संपवला. दुसरा भरला, तोही गेला. तोपर्यंत आई डोक्यावरचा पदर सावरत तिच्याजवळ येऊन बसली होती. तिचे डोळे भरून आले होते. "वन्सं," आई म्हणाली, "काल माळावर मी तुमाला जे बोलले..." आत्यानं हात वर करून तिला थांबवलं आणि रिकामा गिलास माझ्यापुढं केला.

"बोलू गं मागनं," ती म्हणाली. "पयले पाणी दे. लय तान लागलीय मला."